नाजरा झालंय, एम.ए. बाकी आहे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय २३, इतिहास घेऊन मुंबई विद्यापीठाची बी.ए., लहानपणी मकतबमध्ये (मशिदीच्या प्राथमिक शाळेत) कुरआन नाजरा, म्हणजे अर्थाशिवाय बघून वाचन, पूर्ण, उर्दू वाचता येते, अरबी लिपी येते पण अर्थ लागत नाही. धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासात एम.ए. करायचं आहे, तेही इस्लामी ज्ञानपरंपरेच्या अंगाने. प्रश्न चार आहेत: कुठे करावं, अरबी किती लागते, ‘इस्लामी दृष्टिकोन’ म्हटल्यावर अभ्यास एकतर्फी होत नाही का, आणि ‘हिंदू धर्म व इस्लाम: एक तुलनात्मक अभ्यास’ हा विषय चालेल का. शेवटी लिहिलंय, ‘थोरले भाऊ म्हणतात, हे शिकून स्टेजवर वादविवाद करणार का?’

वालेकुम सलाम ताई.

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर ठरतं. विषय चालणार नाही. प्रबंधिका, म्हणजे एम.ए.चा छोटा प्रबंध, साधारण १५ ते २० हजार शब्दांची असते, हातात खरे सहा-आठ महिने असतात आणि तुम्ही दोन महासागर घेऊन बसलात. अशा विषयाचं काय होतं ते ठरलेलं आहे. पहिलं प्रकरण ‘हिंदू धर्माची ओळख’, दुसरं ‘इस्लामची ओळख’, तिसऱ्यात साम्यं, चौथ्यात भेद. चारही प्रकरणं दुय्यम पुस्तकांवरून उतरवलेली, आणि मार्गदर्शक विचारतात, ‘यात तुमचं काय?’

विषय कसा आवळायचा ते याच उदाहरणावर बघा. पहिली पायरी, दोन धर्मांऐवजी एक कल्पना घ्या, समजा पुनर्जन्म. तरीही पसारा आहेच: कुणाचा पुनर्जन्म, कोणत्या ग्रंथातला? दुसरी पायरी, मुस्लिम विद्वानांनी पुनर्जन्माबद्दल काय लिहिलं. यातही चार-पाच शतकं आणि डझनभर लेखक येतात. तिसरी पायरी, एकच लेखक, अकराव्या शतकातला विद्वान अल-बिरूनी. चौथी पायरी, त्याच्या हिंदुस्थानवरच्या ग्रंथाचं पाचवं प्रकरण आणि त्यात त्याने दिलेले गीतेचे उतारे. आता विषय हातात मावतो. ग्रंथाची प्रकरणं ८०, त्यातलं तुम्हाला एक बारकाईने आणि आजूबाजूची चार-पाच नीट वाचायची. समोर गीतेचा दुसरा अध्याय ठेवायचा. बिरूनीने दिलेले उतारे आजच्या गीतेशी शब्दशः जुळत नाहीत. कुठे जुळतात, कुठे सुटतात आणि सुटतात तिथे अरबीत नेमकं काय घडलंय, हा झाला संशोधनाचा प्रश्न. यात तुमचं मराठी शिक्षणही कामाला येईल, कारण गीता तुम्हाला इंग्रजी भाषांतरातून चाचपडत वाचावी लागणार नाही.

बिरूनीचं नाव उगाच घेतलेलं नाही. ‘इस्लामी दृष्टिकोन म्हणजे एकतर्फी’ या शंकेचं उत्तर त्याच्याकडे आहे. इ.स. १०३० च्या सुमारास त्याने हा ग्रंथ लिहिला, तो गझनीच्या दरबाराच्या सावलीत राहून. तरी पहिल्याच प्रकरणात तो सांगतो, की महमूदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट धुळीला मिळाली, हिंदूंच्या मनात मुसलमानांविषयी तिटकारा बसला आणि त्यांच्या विद्या काश्मीर-बनारसकडे सरकल्या. म्हणजे आपल्याला माहिती मिळायला अडचण का येते, याचं कारण त्याने स्वतःच्या बाजूलाही शोधलं. प्रस्तावनेत तो बजावतो, की हे खंडनाचं पुस्तक नाही. हिंदूंचं म्हणणं हिंदूंच्या शब्दांत मांडायचं, ते सत्याविरुद्ध वाटलं तरी. आधीच्या अरबी लेखकांवर त्याचा राग होता, कारण ते एकमेकांचं उतरवत बसले.

पाचव्या प्रकरणाची सुरुवातच बघा. तो म्हणतो, जसा इखलासचा कलिमा (अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही, ही ग्वाही) ही मुसलमानांची खूण, त्रित्व ही ख्रिस्त्यांची आणि शब्बाथ ही यहुद्यांची, तसा पुनर्जन्म ही हिंदूंची. या वाक्यात निवाडा नाही. प्रत्येक धर्माचं असं काय आहे जे काढलं तर तो धर्म उरत नाही, एवढंच तो विचारतोय. पण पुनर्जन्मासाठी त्याने वापरलेला शब्द आहे ‘तनासुख’, आणि तो साधा नाही. मुस्लिम पंथांच्या इतिहासांत तनासुख मानणारे म्हणजे वाट चुकलेले, असा त्याला आधीच वास आहे. मग बिरूनी तो वास पुसतो की तसाच ठेवतो? एवढ्या एका शब्दावर चांगलं प्रकरण उभं राहतं.

आता उलट उदाहरण. शहरस्तानीचा (मृत्यू हि. ५४८, इ.स. ११५३) ‘अल-मिलल वन-निहल’ (धर्म आणि पंथ) हा या विषयाचा पायाभूत ग्रंथ, तो तुम्हाला वाचावाच लागेल. त्यात हिंदुस्थानच्या मतांवर एक भाग आहे आणि तिथे ‘बराहिमा’ भेटतात. मराठी वाचक लगेच म्हणतो, ब्राह्मण! इथेच पाय घसरतो. शहरस्तानीचे बराहिमा म्हणजे पैगंबरी नाकारणारे लोक. त्यांचा युक्तिवाद असा: पैगंबराने सांगितलेलं बुद्धीला पटणारं असेल तर बुद्धी पुरेशी आहे, पटणारं नसेल तर ते घ्यायचं कशाला? हे काही वेद प्रमाण मानणाऱ्या ब्राह्मणाचं म्हणणं नव्हे. शहरस्तानी हिंदुस्थानात कधी आला नव्हता, तो जुन्या पुस्तकांवरून लिहीत होता. कलामच्या, म्हणजे इस्लामी धर्मतत्त्वचर्चेच्या, वादांत पैगंबरीच्या विरोधात बोलणारा प्रतिपक्षी लागायचा, तो या नावाने उभा केला जायचा. म्हणून ‘मध्ययुगीन मुस्लिमांचं ब्राह्मणांविषयीचं मत’ असं शीर्षक देऊन शहरस्तानीचे उतारे लावले, की प्रबंधिका पहिल्याच वाचनात पडते. हे फार वेळा होतं.

पण शहरस्तानीला मोडीत काढू नका. बिरूनी ऐकून-विचारून लिहितो, शहरस्तानी वर्गवारी करतो, आणि अंदलुसियाचा (मुस्लिम स्पेनचा) इब्न हज्म (९९४–१०६४) उघड खंडन करतो. तो तौरात (यहुद्यांचा ग्रंथ) आणि इंजील (ख्रिस्त्यांचं शुभवर्तमान) ओळीओळीने वाचून त्यातली आकड्यांची विसंगती दाखवतो. वर्णनाला वस्फ, तुलनेला मुकारना, चिकित्सेला नक्द आणि खंडनाला रद्द म्हणतात. परंपरेत चारही आहेत. इस्लामी अंगाने अभ्यास करणं म्हणजे या परंपरेची साधनं, शब्द आणि तिचे आपसातले वाद आतून माहीत असणं. ज्या प्रकरणात तुम्ही वस्फ करताय म्हणून सांगितलं, तिथे रद्द घुसू द्यायचा नाही, एवढी शिस्त पाळली की एकतर्फीपणाचा आरोप चिकटत नाही. मुलाखतीत ‘तुम्ही स्वतः मुसलमान, मग तटस्थ कशा राहणार?’ असं विचारतीलच. ‘मी पूर्ण तटस्थ आहे’ असं ठोकून देऊ नका, ते कुणालाच खरं वाटत नाही. माझी बाजू अमुक आहे, आणि समोरच्याचं म्हणणं मी असं मांडीन की तो वाचून म्हणेल, हो, आम्ही हेच मानतो. हे उत्तर पुरतं.

भावाला काय सांगायचं तेही यातच आलं. स्टेजवरचा मुनाझरा, म्हणजे जाहीर धर्मवाद, वेगळा. त्याचा अभ्यास मात्र होऊ शकतो: १८५४ मध्ये आग्र्यात रहमतुल्लाह कैरानवी आणि मिशनरी फांडर यांच्यात जाहीर वाद झाला, आणि त्यात कैरानवींच्या बाजूने युरोपातली बायबल-चिकित्साच वापरली गेली. कोणती पुस्तकं त्यांच्या हाती आली होती, ती कशी वाचली गेली, हा इतिहासाच्या विद्यार्थिनीसाठी सरळ विषय आहे. वाद कोण जिंकलं, हा नाही.

अरबीचं सांगू. नाजरा झालंय म्हणजे जेर-जबर (स्वरचिन्हं) लावलेला मजकूर तुम्ही वाचता. छापील ‘मिलल’मध्ये जेर-जबर जवळजवळ नसतात. ك ت ب दिसलं की ते कतब, कुतिब की कुतुब, हे व्याकरणावरून ठरवायचं असतं. त्यासाठी सर्फ (शब्दरूपं) आणि नह्व (वाक्यरचना) दोन्ही लागतात. मदिना विद्यापीठाच्या ‘दुरूसुल लुगतिल अरबिय्या’ या पाठ्यपुस्तकाचे तीन भाग रोज एक तास देऊन वर्ष-सव्वा वर्षात होतात. दुसऱ्या भागापासूनच हान्स वेरचा अरबी-इंग्रजी कोश उघडायची सवय लावा. तो धातूनुसार आहे, ‘मक्तबा’ हा शब्द म वर सापडणार नाही, क-त-ब वर सापडेल. सुरुवातीला एक पान लावायला तीन तास गेले तर घाबरू नका, शब्द तेच ते परत येतात: मकाला (मत), फिरका (पंथ), असल (मूळ तत्त्व), हुज्जत (पुरावा). आणि एक क्रियापद ओळखून ठेवा, ‘जअमा’. ‘काला’ म्हणजे म्हणाला, ‘जअमा’ म्हणजे ‘असा त्याचा दावा आहे’, म्हणजे लेखकाला ते पटलेलं नाही. इंग्रजी भाषांतरात पुष्कळदा दोन्हींचं ‘म्हणाला’ होऊन जातं आणि लेखकाची भुवई उंचावलेली दिसतच नाही.

उर्दू येते हा फायदा आहे आणि सापळाही. उर्दूत मजहब म्हणजे धर्म. शहरस्तानीकडे मजहब म्हणजे मत किंवा संप्रदाय. उर्दूत मिल्लत म्हणजे कौम, जुन्या अरबीत मिल्ला म्हणजे धर्मपंथ. ओळखीचा शब्द दिसला की जास्त सावध व्हा. लिप्यंतरातही तेच. س, ص आणि ث आपल्या तोंडात तिन्ही ‘स’. सूरा (कुरआनचं प्रकरण) आणि सूरत (रूप) उर्दू बोलीत दोन्ही ‘सूरत’ होतात, अरबीत एक س ने, दुसरा ص ने. इंग्रजीत प्रबंधिका लिहिताना खालीवर टिंबं देणारी एकच लिप्यंतर पद्धत पहिल्या दिवशी ठरवा. शेवटच्या आठवड्यात तीनशे नावं दुरुस्त करणं म्हणजे शिक्षा आहे.

हिंदू शब्दांना अरबी पर्याय देताना आणखी जपायला हवं. ‘अवतार’ला ‘हुलूल’ लिहिलं की झालंच. हुलूल म्हणजे ईश्वराने एखाद्या देहात शिरून राहणं, आणि तो मुस्लिम पंथ-इतिहासांत दोषारोपाचा शब्द आहे. वर्णन करायच्या आधीच तुम्ही निकाल दिलात. अवतार हा शब्द अवतारच ठेवा आणि पुढे दोन ओळींत समजवा. ‘अवतार म्हणजे हिंदूंचे पैगंबर’ ही उलट्या दिशेची चूकही तितकीच पक्की आहे. ती सद्भावनेने होते म्हणून लोक माफ करतात, परीक्षक करत नाहीत.

टिपणं काढायची एक पद्धत आजपासून सुरू करा. प्रत्येक टिपणात चार खाने: हवाला (आवृत्ती, खंड, पान), मूळ शब्द मूळ लिपीत, त्यांचं म्हणणं तुमच्या भाषेत, आणि तुमचा शेरा. शेरा वेगळ्या शाईने. सहा महिन्यांनी टिपण उघडल्यावर ‘हे शहरस्तानी म्हणतोय की मी?’ हे कळलं नाही तर ते टिपण रद्दी. पंथ-इतिहासांत आवाज तीन असतात: ज्याचं मत आहे तो, ते सांगणारा, आणि तुम्ही. गोंधळ इथूनच सुरू होतो.

पुस्तकं कुठली? बिरूनीचं जाखाऊचं इंग्रजी भाषांतर, दोन खंड, १८८८ चं, इंटरनेट अर्काइव्हवर मोफत आहे. वाचायला ते घ्या, पण उद्धृत करताना अरबीशी ताडा, कारण त्यातली इंग्रजी तत्त्वज्ञानाची परिभाषा बिरूनीची नाही. अरबीसाठी हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या प्रकाशन संस्थेची १९५८ ची आवृत्ती चांगली. ‘मक्तबा शामिला’ हे मोफत अरबी ग्रंथालय तुमच्या फोनवर उतरवा, शोधायला त्याच्यासारखं साधन नाही. पण तिथल्या प्रत्येक पुस्तकाच्या माहितीत पानांचे आकडे छापील प्रतीशी जुळतात की नाही ते लिहिलेलं असतं. जुळत नसतील तर तो पान नंबर तळटीपेत टाकू नका, परीक्षक छापील प्रत काढून बघतात. कुरआनच्या अनुवादाची निवड एकदाच करा आणि पहिल्या तळटीपेत सांगा. आयती अवतरण चिन्हांत टाका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं आणि हवाला दिलेली अवतरणं त्यातून वगळली जातात. चिन्हं विसरलात तर प्रसिद्ध अनुवादाची ओळ सॉफ्टवेअर चोरी म्हणूनच धरतं.

आता कुठे शिकायचं. दिल्लीच्या जामिया मिल्लियात, अलीगढला आणि हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात इस्लामिक स्टडीजचे विभाग आहेत. जामियात धर्मांच्या व संस्कृतींच्या तुलनात्मक अभ्यासाचं वेगळं केंद्रही आहे. विश्वभारतीत तत्त्वज्ञान आणि तुलनात्मक धर्म असा विभाग आहे, पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात धर्मअभ्यासाचा विभाग १९६७ पासून आहे; या दोन्हींत इस्लामी अंग तुम्हाला स्वतः उभं करावं लागेल. तुमच्या स्थितीत आमचं मत असं: एम.ए. इस्लामिक स्टडीजमध्ये करा, कारण अरबी आणि कलामचा पाया तिथे मिळतो, आणि प्रबंधिकेचा विषय तुलनेचा घ्या. उलटं केलं तर तुलना करायला मूळ ग्रंथच वाचता येत नाहीत. प्रवेशाच्या तारखा आणि परीक्षा दरवर्षी बदलतात, त्या विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेतच बघा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोत नव्हे.

परदेशात या विषयाचं जाणतं ठिकाण म्हणजे मलेशियातलं आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ, क्वालालंपूरजवळ गोम्बाकला, स्थापना १९८३. तिथे उसूलुद्दीन (धर्माची मूलतत्त्वं) आणि तुलनात्मक धर्म असा विभागच आहे, शिक्षण इंग्रजी आणि अरबीतून. इस्लामाबादच्या अशाच विद्यापीठातही हा विषय आहे आणि नेटवर शोधलं की त्याचं नाव वर येतं, पण तिकडे पाहू नका. यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) एप्रिल २०२२ मध्ये जाहीर केलंय, की पाकिस्तानात पदवी घेतलेल्या भारतीय नागरिकांना त्या पदवीवर भारतात ना नोकरी, ना पुढचं शिक्षण. परदेशातल्या कोणत्याही पदवीची समकक्षता आता यूजीसीच्या २०२५ च्या नियमांखाली घ्यावी लागते. म्हणून फी भरण्याआधी पदवीपत्रावर नेमकं काय नाव छापलं जाणार ते लेखी विचारून घ्या.

नाव महत्त्वाचं, कारण नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. नेटमध्ये ‘धर्मांचा तुलनात्मक अभ्यास’ हा स्वतंत्र विषय आहे आणि ‘अरब संस्कृती व इस्लामी अध्ययन’ हा वेगळा. कोणता द्यायचा ते तुमच्या एम.ए.च्या विषयावर ठरतं. खुल्या प्रवर्गाला एम.ए.ला ५५ टक्के लागतात, जेआरएफसाठी (संशोधन शिष्यवृत्तीसाठी) वयाची सर्वसाधारण मर्यादा ३० आहे. पेपर दोन, प्रश्न १५०, गुण ३००, वेळ ३ तास. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार. अल्पसंख्याक संशोधकांसाठीच्या मौलाना आझाद फेलोशिपचं गणित मांडून बसू नका, ती २०२२ मध्ये बंद झाली. शिकवण्याच्या जागा देशभर मोजक्या आहेत, हे घरच्यांपासून लपवू नका. हस्तलिखितांचं काम, अनुवाद, प्रकाशन यांत अरबी जाणणाऱ्याला वाव आहे, पण ते मिळवावं लागतं.

अरबी मनासारखी झाली नाही, तर काय? तर महाराष्ट्रातच उत्तम साहित्य पडून आहे. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद स्वतःला ‘अविंध’ (मुसलमान) म्हणवतात आणि ‘योगसंग्रामा’त मुसलमानांचा पीर नि मराठ्यांचा सद्गुरू यांत भेद नाही म्हणतात. परंपरा त्यांचं नातं चांद बोधल्यांमार्फत कादिरी या सूफी सिलसिल्याशी (गुरुपरंपरेशी) जोडते. मग पीर-मुरीद (सूफी गुरू-शिष्य) हे नातं त्यांच्या ओव्यांत कादिरी पद्धतीचं आहे की वारकरी गुरुपरंपरेचं? यावर रा. चिं. ढेरे यांचं काम आहे, पण कादिरी बाजूचे अरबी-फारसी ग्रंथ शेजारी ठेवून केलेलं काम थोडं. एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ मुनाझऱ्याच्या नियमांवर घासून बघता येईल. आणि गोव्यात १६१६ मध्ये छापलेलं फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’, जवळपास ११ हजार ओव्यांचं, त्यातली मरियम आणि कुरआनच्या १९ व्या सूरेतली मरियम, हा विषय तर कोकणातल्या मुलीसाठी हाताशी आहे. फक्त लक्षात घ्या, एक पुराण आहे, दुसरी सूरा. कथा ताडण्याआधी दोन्हींचं वाङ्मयीन रूप वेगळं आहे हे पहिल्या प्रकरणात मांडावं लागेल.

विषयाचं टिपण दीड हजार शब्दांचं लिहा: प्रश्न एक, ग्रंथ दोन, त्यांतली पानं नेमकी कोणती, कोणत्या भाषेतून वाचणार, आधी कुणी काय केलंय (शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, किमान एक आठवडा घालवा), महिनावार वेळापत्रक. ते मार्गदर्शकाला पाठवताना सोबत बिरूनीच्या पाचव्या प्रकरणातला एक परिच्छेद तुम्ही स्वतः अरबीवरून मराठीत आणून जोडा. दहा ओळी पुरे. चुका असल्या तरी चालतील, कोशातून कोणता शब्द का निवडला ते समासात लिहा.